खारे तळे, गोडी धार

लोणारविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते बहुतेक दोन तऱ्हांचे आहे. भूगोलाच्या पुस्तकांत विवर येते: बेसाल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. मंदिरांच्या पुस्तकांत दैत्यसूदन येतो: तारकाकृती विधानाचे, बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराचे, आतबाहेर शिल्पांनी भरलेले देऊळ. पहिल्या तऱ्हेच्या लेखनात देवळांना शेवटचा एक परिच्छेद मिळतो. दुसऱ्या तऱ्हेच्या लेखनात विवर म्हणजे गावाची ओळख सांगणारे पहिले वाक्य. माझे म्हणणे असे आहे की बुलढाणा जिल्ह्यातल्या या देवळांचा इतिहास विवराच्या पाण्यावाचून लिहिताच येत नाही. ती कोणी बांधली हा प्रश्न मोठा आहे, पण ती तिथेच का बांधली हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कुठल्या राजाच्या नावात सापडणार नाही. ते धारेवर सापडते.

आधी पाण्याचा हिशेब नीट मांडायला हवा. विवराच्या ईशान्येकडच्या काठावर गोमुखातून पाणी पडते. त्या जागेला लोक नुसते 'धार' म्हणतात. या मुलखात चैत्र-वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात, पण धार वाहत राहते. याचे कारण दगडात आहे. दख्खनचे पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झाले. थराचा मधला गाभा घट्ट असतो, त्यात पाणी सहसा शिरत नाही. वरचा भाग सच्छिद्र, भेगाळ आणि झिजलेला असतो. पावसाचे पाणी वरून झिरपते, खालच्या घट्ट गाभ्यावर अडते आणि आडवे सरकत जाते. सपाट रानात ते वर काढायला विहीर खणावी लागते. लोणारला जमीन खणण्याचे ते काम आभाळातून आलेल्या दगडाने करून ठेवले. विवराच्या भिंतीत लाव्ह्याचे पाच-सहा थर उघडे पडले आहेत, आणि जिथे थरांमधली पाणी वाहणारी पट्टी कापली गेली तिथे झरे फुटले आहेत. हे गोडे पाणी उताराने तळ्यात उतरते आणि तिथेच राहते, कारण तळ्याला बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी उचलून नेते आणि क्षार मागे ठेवते. हजारो वर्षे हेच होत आल्यामुळे तळे खारे झाले, आणि इतके अल्कधर्मी झाले की त्याचा सामू दहाच्या आसपास मोजला गेला आहे. म्हणजे ज्या आघाताने खारे तळे घडले त्याच आघाताने गोडी धारही मोकळी केली. एका कड्याच्या माथ्याशी पिण्याजोगे पाणी आणि त्याच कड्याच्या पायथ्याशी तोंडात धरवत नाही असे पाणी, हे लोणारचे खरे वैशिष्ट्य आहे. देवळे उभी राहिली ती या वैशिष्ट्याभोवती.

आता देवळांच्या जागा पाहाव्यात. धारेपाशी कुंड आहे, बांधीव पायऱ्या आहेत, आणि भोवती लहान-मोठी मंदिरे आहेत. तिथून तळ्याकडे उतरताना कुमारेश्वर आणि यज्ञेश्वर लागतात. विवराच्या आत रामगयेचे देऊळ आहे आणि त्याच्याजवळ गोड्या पाण्याचा झरा आहे. सीता न्हाणी हे तर पाण्याचेच ठिकाण. पुढे तळ्याच्या काठाकाठाने वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचा महादेव अशी देवळे रानात विखुरलेली आहेत. (ही नावे ज्यांनी ठेवली ती माणसे या रानात रोज वावरत असणार, कुठल्याही राजकवीला मुंगळ्याचा महादेव सुचला नसता.) अगदी तळाशी, खाऱ्या पाण्याला लागून, कमळजा देवी आहे. तिच्या समोर सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, म्हणून हे नाव. तळ्याचे पाणी पुरेसे ओसरले तरच ती विहीर दिसते. झऱ्याचे पाणी आणि तळ्याचे पाणी जिथे एकमेकांना भिडते, नेमक्या त्या रेषेवर ती खणलेली आहे. अशी जागा योगायोगाने सापडत नाही. पाणी चाखून, वर्षानुवर्षे पातळीची चढउतार पाहून, कुणीतरी ती ठरवली असली पाहिजे. देवळांच्या जागांमागेही हीच पाहण्याची सवय आहे असे मी मानतो.

यावर पहिला आक्षेप सहज घेता येतो: भारतात कुठले तीर्थ पाण्याशेजारी नाही? त्र्यंबकेश्वराला कुशावर्त आहे, पंढरपूरला चंद्रभागा आहे. देऊळ म्हटले की कुंड आलेच. मग लोणारचे त्यात काय विशेष? आक्षेप रास्त आहे, पण तो अर्धाच भाग पाहतो. इतर तीर्थांत पाणी एकच असते आणि ते पवित्र असते. लोणारला पाणी दोन तऱ्हांचे आहे आणि त्यांचे महत्त्वही वेगळे मानले गेले. याचा पुरावा देवळाबाहेरच्या, या क्षेत्राशी भक्तीचे नाते नसलेल्या एका लेखकाने ठेवला आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, मेहकरच्या नोंदीत लोणारविषयी लिहिले आहे. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात आणि पितरांच्या उद्धारासाठी इथे कर्मे केली जातात, हे तो सांगतो. बिहारमधली गया ब्रह्म्याची, एक रुद्राची आणि ही विष्णूची, अशी तीन गयांची मांडणीही तो देतो. डोंगरांनी वेढलेले, सुमारे एक कोस लांब-रुंद खारे तळे तो वर्णन करतो. काही जागी पाणी गोडे लागते हेही नोंदवतो. काच आणि साबण करण्याचे जिन्नस इथे मिळतात, सोरा निघतो आणि त्याचा चांगला महसूल येतो, हे सांगायला तो विसरत नाही. शेवटी तो वरच्या झऱ्याकडे येतो. झऱ्याच्या तोंडाशी बैलाची आकृती कोरलेली आहे, आणि या झऱ्याचे पाणी एरवी खालच्या तळ्यात जात नाही. अमावास्या सोमवारी आली तरच त्याचा ओघ तळ्याला मिळतो.

या उताऱ्यात दैत्यसूदनाच्या शिल्पांविषयी काही नाही. अबुल फझलला पोचलेली हकीगत क्षेत्राच्या पावित्र्याची, पाण्याची आणि पाण्यातून निघणाऱ्या पैशाची होती, आणि या तिन्ही गोष्टी त्याने एकाच दमात सांगितल्या. मला हे फार मोलाचे वाटते, कारण आपण आज त्यांच्यासाठी तीन वेगळी खाती उघडली आहेत. सोमवती अमावास्येची समजूत अक्षरशः खरी असण्याचे कारण नाही. पाणी तिथी पाहून वाहत नाही. पण समजुतीतला गाभा पाहण्यासारखा आहे. वरचे पाणी वरच राहते, माणसाच्या उपयोगी पडते, आणि खाली क्वचितच मिसळते, असे लोक मानत होते. कुंडात अडवलेले, स्नानाला आणि पिण्याला वापरलेले, उतारावरच्या बागांत जिरलेले पाणी तळ्यापर्यंत थोडेच पोचत असणार. दोन पाण्यांमधली वाटणी लोकांच्या डोक्यात पक्की होती आणि तिला पर्वाची मोहोर होती. खाऱ्या पाण्याचेही ज्ञान तितकेच बारीक होते. तळ्यातून निघणाऱ्या क्षारांना दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती. ज्या समाजाने एका तळ्याच्या क्षाराला इतकी नावे दिली त्याने काठावरचे देऊळ पाण्याकडे न पाहता बांधले असेल, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोणारचे सर्वांत देखणे देऊळ, दैत्यसूदन, विवरात नाही आणि धारेवरही नाही. ते गावात आहे. माझा सिद्धान्त तिथेच अडखळत नाही का? देवळाची जागा पाण्याने ठरवली असे दैत्यसूदनाच्या बाबतीत मी म्हणणार नाही. गावात लिंबी बारव आहे, तिचा आधार घेऊन मुद्दा ताणता येईल. तसे करण्याची गरज नाही. दैत्यसूदनाचा विवराशी संबंध जागेचा नसून विषयाचा आहे. कथा सर्वश्रुत आहे. लवणासुर जमिनीखालच्या गुहेत राहून भोवतालच्या लोकांना छळत होता. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, असुराच्या बहिणींना मोहवून गुहेचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्याने गुहेवरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. झाकण दूर धाकेफळजवळ जाऊन पडले, तिथली टेकडी म्हणजे तेच झाकण. तळ्यातले पाणी हे असुराचे रक्त आणि क्षार हे त्याचे मांस. वर वाहणारी धार मात्र देवाची, गंगेचे रूप. या देवळाच्या छतावर दैत्यवधाचे प्रसंग कोरलेले आहेत. नरसिंह आणि हिरण्यकशिपू आहेत, तसा लवणासुरही आहे. विष्णूच्या असंख्य देवळांतून हे देऊळ वेगळे उठून दिसते ते याचमुळे. गावाबाहेरच्या एका खड्ड्याची उपपत्ती त्याने आपल्या छतावर घेतली आहे. आत असलेली मूर्ती नंतरची आहे, शिखर पूर्ण स्वरूपात उरलेले नाही, पण छत अजून तीच गोष्ट सांगते.

या कथेविषयी आजकाल एक लाडका युक्तिवाद ऐकू येतो. पूर्वजांनी उल्का पडताना पाहिली आणि ती आठवण लवणासुराच्या रूपात जपली, असा. मला कथेविषयी आदर आहे, म्हणूनच हा युक्तिवाद मान्य नाही. आघाताचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरले जाई. आर्गॉन पद्धतीच्या नव्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले आहे. आपली मानवजातच त्याच्या निम्म्या काळाच्या आसपासची. आपल्या मानवजातीतले पाहणारे कोणी नव्हते आणि आठवण ठेवणारेही नव्हते. शिवाय कथेत काही वरून पडत नाही. झाकण आतून बाहेर उडते. कथाकारांनी आठवणीवरून सांगितलेली ही गोष्ट नाही. त्यांनी समोरची जमीन पाहून अनुमान केले आहे. विवराची कड भोवतालच्या रानापेक्षा उंच आहे, दगडांचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आत खड्डा आहे. हे पाहून कोणालाही वाटेल की खालून काहीतरी उसळून बाहेर पडले. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, आणि पुढे शंभरहून अधिक वर्षे भूशास्त्रज्ञही हेच मानत होते: ज्वालामुखीचा स्फोट. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विवराकडे १८९१ साली गेलेल्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने दोन कसोट्या लावल्या होत्या. खड्ड्यातून गेलेला माल आणि कडेवर साठलेला माल यांचे माप जुळते का, आणि खाली गाडलेल्या लोखंडाने होकायंत्राची सुई ढळते का. मापे जुळली, सुई ढळली नाही, आणि त्याने वाफेच्या स्फोटाचा चुकीचा निष्कर्ष काढला. पहिली कसोटी लोणारच्या कथाकारानेही लावलेली आहे. खड्ड्यातला माल गेला कुठे, हा प्रश्न त्याला पडला होता, आणि तळ्याच्या मापाची टेकडी दाखवून त्याने त्याचे उत्तर दिले. उत्तर चुकले, प्रश्न मात्र अस्सल होता. लोणार हे आघाताचेच विवर, हे १९७० च्या दशकात बोअर घेऊन काढलेल्या खडकांत आघाताच्या दाबाने बदललेली खनिजे सापडली तेव्हा पक्के झाले. चुकीच्या उत्तरात पुराणकथा आणि विज्ञान इतका काळ एकत्र होते, आणि ते दोघांच्याही प्रामाणिक निरीक्षणामुळे.

गिल्बर्टची दुसरी कसोटीही इथे वेगळ्या रूपात भेटते. अंबर तळ्याजवळच्या पहुडलेल्या मोठ्या मारुतीची शिळा चुंबकीय आहे, ती उल्केचाच तुकडा आहे, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, म्हणून या मुलखातल्या कितीतरी साध्या काळ्या दगडांशीही होकायंत्राची सुई ढळते. सुई हलली एवढ्यावरून शिळा आभाळातली ठरत नाही. मारुतीचे थोरपण त्यावर अवलंबूनही नाही. देवळाला विज्ञानाचे उसने दाखले जोडण्याची ही हौस मला बरी वाटत नाही. त्यात देवळाच्या खऱ्या ज्ञानावरचे लक्ष उडते.

काळ आणि बांधणी यांविषयी थोडक्यात सांगतो. लोणारच्या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला यादवांचा मंत्री, आणि या शैलीची कितीतरी देवळे त्याच्या आधीची आहेत. चुन्यावाचून, दगडात दगड बसवून केलेले हे बांधकाम सातगाव भुसारी, कोथळी, धोत्रा नंदाई या बुलढाण्यातल्याच गावांतही आढळते. म्हणजे कारागीर एकट्या लोणारसाठी आलेले नव्हते. या टापूत ते काम करतच होते. लोणारला त्यांना जो विषय मिळाला तो मात्र दुसरीकडे कुठे नव्हता.

श्रद्धावान वाचक इथे म्हणेल की देवळाला झऱ्याच्या हिशेबात बसवणे म्हणजे त्याचे देवत्व उणे करणे. मला उलट वाटते. यात्रेकरूचा क्रम पाहावा: आधी धारेवर स्नान, मग दर्शन, मग पितरांसाठी कर्म. पाण्याला पहिला मान परंपरेनेच दिला आहे. मी फक्त तो वाचतो आहे. कमळजेच्या नवरात्राच्या यात्रेला लोक कडा उतरून तळाशी जातात, म्हणजे गोड्या पाण्याकडून खाऱ्या पाण्याकडे जातात. ही वाट कुणी अभ्यासकाने आखलेली नाही.

हे सगळे मांडायचे कारण आजचे आहे. २००० साली विवर अभयारण्य झाले, २०२० साली ते रामसर यादीत गेले. देवळे पुरातत्त्व खात्याकडे, रान वनखात्याकडे, सांडपाणी नगर परिषदेकडे. या वाटणीतून उठणारे प्रश्न वर्षानुवर्षे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येत आहेत. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. पाणी कमी झाले, खारेपणा चढला, रंग बदलला. त्यानंतरच्या वर्षांत उलटे झाले: पातळी चढत गेली आणि पाणी कमळजेच्या देवळाला येऊन भिडले. ज्या देवळापाशी सासू-सुनेच्या विहिरीची रेषा होती, तिथे आज ती रेषाच पाण्याखाली आहे. गोडे पाणी जास्त उतरले की तळ्याचा खारेपणा पातळ होतो, सांडपाणी आणि शेतातली खते त्यासोबत आली की तळ्याचा स्वभावच बदलतो. देवळाचा चौथरा बुडणे आणि तळ्याचा क्षार उतरणे या एकाच बिघाडाच्या दोन खुणा आहेत. चौथऱ्याची चिंता एका खात्याने आणि क्षाराची दुसऱ्याने करायची, ही पद्धत इथे चालणार नाही.

कोणी म्हणेल, तळ्याची पातळी पूर्वीही चढत-उतरत आली आहे. सासू-सुनेची विहीर कधी दिसते कधी दिसत नाही, हे लोकांना ठाऊकच होते. खरे आहे. पण पूर्वीची चढउतार पावसाची होती आणि तिची आठवण गावाकडे होती. आजच्या चढउतारात पावसाचा वाटा किती, झऱ्यांचा किती, गावाच्या गटारांचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय भिंत बांधणे, पंप लावणे किंवा धारेचे पाणी वळवणे, यांतला कुठलाही उपाय अंधारातला ठरेल. म्हणून माझी मागणी साधी आहे. धार, रामगया, सीता न्हाणी आणि विवरातला प्रत्येक जिवंत झरा यांचे पाणी तिन्ही खात्यांनी मिळून दर महिन्याला मोजावे, आणि तो आकडा त्या-त्या देवळाच्या दाराशी मराठीत लिहून ठेवावा. लोणारला जाणाऱ्यांनीही दैत्यसूदनाचे छत पाहून परत फिरू नये. धारेवर जावे, पाणी किती पडते ते पाहावे आणि तिथे साबण लावू नये.